बाबांच्या कानांची कॉपी

तपासणीची खोली तुम्ही बंद केलीत, साहेब. दाराला कुलूप घातलंत आणि वर फलक टांगलात: 'कान तपासा घरबसल्या.' घरात शेजारी कोण बसलंय, हे मात्र एकदाही विचारलं नाहीत.

मी बसलो होतो.

चाळीस वर्षं कारखान्याच्या गोंगाटात लेथवर उभं राहून बाबांचे कान गेले. टपालानं हेडफोन आला, दाबायचं बटण आलं. लॅपटॉपच्या पडद्यावर तपासणाऱ्या ताई आल्या. "आवाज आला की बटण दाबा." मी ते मोठ्या अक्षरात लिहून बाबांना दाखवलं. हेडफोनसाठी त्यांनी चष्मा काढला. कॅमेऱ्यात फक्त त्यांचा चेहरा. आवाज सुटला की पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका लागायचा. बाबांना तो दिसत नव्हता, मला दिसत होता.

पाच ठिपके लागून गेले. बाबा ढिम्म. बाप नापास होतोय आणि परकी बाई बघतेय! सहाव्या ठिपक्याला मी टेबलाखालून त्यांचा गुडघा दाबला. त्यांनी बटण दाबलं. मग काय, शेवटपर्यंत कॉपी पुरवली.

"छान! अगदी किरकोळ दोष आहे," ताई म्हणाल्या.

"पास?" बाबांनी मला विचारलं. मी अंगठा दाखवला. निर्लज्जासारखा.

किरकोळ दोषाचं किरकोळ ताकदीचं यंत्र आलं. ते लावून बाबा भिंतीसारखे बसायचे.

"ढोंग करताय! नीट लावा ते!"

"बहिऱ्यावर ओरडून तुझाच घसा बसेल," आई म्हणायची. तरी तीन महिने ओरडलो.

एका सकाळी बाबांनी यंत्राची डबी माझ्या हातात ठेवली. "माझंच डोकं चालत नसेल रे. तू गुडघा दाबायचास, मी बटण दाबायचो. तपासणी अशीच असते, असं वाटलं. ते जमलं, मग हे का जमत नाही?"

मी कागदावर लिहिलं, 'चूक माझी.' त्यांनी वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

मी तुमच्या कचेरीत येऊन सगळं कबूल केलं. कारकून म्हणाला, "अहवाल व्यवस्थित आहे. फेरतपासणी दोन वर्षांनी." अहवाल खोटा आहे, हे तो खोटा करणाराच सांगतोय, तरी?

माझ्या तोंडाला काळं फासा. पण बाबांचा काय गुन्हा? ते बहात्तर वर्षांचे आहेत. खोली उघडून त्यांना एकट्याला समोर कधी बसवणार? तारीख द्या. लेखी द्या, बोललेलं त्यांना ऐकू येत नाही.