वीतभर घाट

तोक्तोसूननं खेळण्यातल्या गाडीचं सुटं छोटं चाक चिमटीत धरलं आणि ओल्या प्लास्टरवरून चढाच्या दिशेनं हलकेच फिरवत नेलं. मागे टायरची नक्षी उमटत गेली, पण वळणाशी हात चुकला आणि खूण भलतीकडे, कड्याच्या बाजूला गेली. स्वतःलाच एक शिवी हासडून तो थांबला. ओल्या कुंचल्यानं खूण पुसली आणि पाठीला हात लावून बसून राहिला. प्लास्टर घट्ट व्हायच्या आत हे पुन्हा करायला हवं होतं आणि अंगात तर काडीचं त्राण नव्हतं.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची बायको अनारखान बोरसोकची, तळायच्या गोळ्यांची, कणीक मळत होती. परवा सायकालकडे, त्याच्या जोडीदाराच्या विधवेकडे, न्यायचे म्हणून तिनं परातभर पीठ घेतलं होतं.

"वीतभर रस्ता," ती म्हणाली. "चार महिने झाले. सरकारनं खरा घाट याच्या आधी बांधून पुरा केला असता."

"सरकारकडे माणसं होती."

"आणि त्या माणसांचे डोळे शाबूत होते. द्या आता सोडून. सायकाल काय भिंग घेऊन बघणार आहे?"

"बघेल."

"मग बघू दे. उठा, दोन घास खाऊन घ्या."

तो उठला नाही. चाक पुसून त्यानं पुन्हा चिमटीत धरलं.

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यानं ट्रक सोडला आणि मग हा उद्योग हाती घेतला. खेळण्याएवढ्या जुन्या गाड्या जमवणारी हौशी मंडळी बिश्केकमध्ये पुष्कळ होती. त्यांच्या गाड्यांखाली कुठे अंगण, कुठे पेट्रोलपंप, कुठे चिखलाची वाट असं काहीबाही तो करून द्यायचा. फळीवर थर्माकोल कोरायचा, वर प्लास्टर, प्लास्टरवर सरस, सरसावर माती. जुन्या ब्रशाचे केस कापून गवत लावायचं. बर्फासाठी संगमरवराची पूड चाळून घ्यायची; पहिल्या वर्षी त्यानं खायचा सोडा वापरला होता आणि सहा महिन्यांत लोकांचे हिवाळे पिवळे पडले होते. आता त्याचा हात बसला होता. असं काम तो आठवड्यात हातावेगळं करायचा.

हे एकच काम संपता संपत नव्हतं.

वसंतात सायकालनं त्याला बोलावून टीव्हीवर ठेवलेली खेळण्यातली निळी गाडी दाखवली होती. थोरल्या मुलानं, कुबातनं, कधीतरी हौसेनं आणलेली ती गाडी. सायकालचा नवरा एरगेश चालवायचा तशीच.

"भावजी, लोकांना तुम्ही रस्ते करून देता," ती म्हणाली होती. "याच्याखाली ताल्दिक घाटातलं ते वळण करून द्या. मी कधी तिथं गेले नाही. माझ्यानं जाववलंच नाही. एकदा बघायचंय, अशी कुठली जागा आहे ती, जिथं अठरा वर्षं गाडी चालवून मुरलेला ड्रायव्हर झोपी जातो."

तो हो म्हणाला होता. नाही कसं म्हणणार? एरगेश त्याचा जोडीदार. ओशहून माल भरून दोघं दोन गाड्या घेऊन बरोबर निघायचे. चौतीस वर्षांपूर्वीच्या जानेवारीत एरगेशची गाडी ताल्दिकच्या वळणावरून खाली गेली. ब्रेक लागल्याची खूण नव्हती, गाडीत एक बाटली सापडली. बाटली कोणाच्या गाडीत नसायची? पण पोलिसांच्या कागदावर लिहिलं गेलं, नशेत झोप लागली, आणि तो कागद सायकालच्या दारावर पाटीसारखा लागला. कुबात दारूच्या थेंबालाही शिवत नव्हता. तरी लग्नाकार्यात कोणीतरी बोलायचंच, एरगेशच्या पोराला नका देऊ रे, त्यांच्या घराण्यात झोप लवकर येते. लोक हसायचे. तोक्तोसून त्या पंगतीत बसलेला असायचा. तो हसायचा नाही, पण बोलायचाही नाही.

चाक या वेळी सरळ गेलं. वळणावर खूण जराशी आत वळली, अगदी हवी तशी. त्यानं फळी खिडकीत वाळत ठेवली आणि खिशातून काडेपेटी काढली.

काडेपेटीत कापसावर एक खडा होता. जूनमध्ये तो स्वतः घाटात जाऊन पिठाच्या पिशवीतून तिथली माती घेऊन आला होता. तव्यावर भाजून, अनारखानच्या जुन्या मोज्यातून गाळून तीच माती त्यानं रस्त्याच्या प्लास्टरमध्ये कालवली. हा खडाही तिथलाच, वाटाण्याएवढा. त्या मापात तो माणसाच्या डोक्याएवढा दगड झाला असता. चारदा त्यानं कोरड्या फळीवर तो ठेवून पाहिला होता आणि चारदा उचलून पेटीत टाकला होता.

चढावर गाडी थांबवली की मागच्या चाकाला उटी, लाकडाची पाचर, लावायची, हे घाटात कोणाला शिकवावं लागत नाही. तोक्तोसूनकडे अक्रोडाच्या लाकडाची छान उटी होती, दोरी बांधलेली. गाडी निघाली की दोरीबरोबर उटीही आपोआप ओढली जायची. त्या पहाटे थंडीनं इंजिनातलं तेल गोठलं, म्हणून त्यानं इंजिनाखाली शेकोटी केली आणि बाकीची लाकडं संपल्यावर ती उटीही जाळली. पुढे ताल्दिकच्या वळणावर बर्फासाठी चाकाला गुंडाळलेली साखळी सैल झाली. त्यानं चाकामागे दगड लावला, साखळी आवळली, बोटं बधिर झाली होती, आत बसला आणि गाडी काढली. पुढे जाऊन थांबायचं, उतरायचं, मागे चालत यायचं आणि आपला दगड आपण रस्त्यातून काढायचा. ताल्दिकवर शेंबडं पोरसुद्धा हे करतं. तो उतरला नाही. कंटाळा केला. वर बर्फ पडत होता आणि एरगेश वीस मिनिटं मागे होता.

"त्या पेटीत काय आहे हो?" अनारखाननं विचारलं. "सारखी उघडता नि मिटता."

"खडा."

"लावायचा राहिलाय?"

"राहिलाय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खोकं मांडीवर धरून प्रवासी व्हॅनमधून सायकालकडे गेला. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, केक आहे का, आजोबा? त्यानं मान हलवली. तिला हो वाटलं की नाही, कोण जाणे. काडेपेटी कोटाच्या खिशात होती. लावला नाही तरी कोणाचं काही अडणार नव्हतं, असं त्यानं वाटेत स्वतःला तीनदा सांगितलं. एरगेश काही परत येणार नव्हता. सायकाल सत्तरीला आली होती. आता जुनं उकरून कोणाचं भलं होणार होतं? त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही थकवा जास्त होता. चौतीस वर्षं एकच गोष्ट दातांखाली धरून जबडा दुखायला लागला होता.

"या, भावजी," सायकाल दारातच म्हणाली. "जोडे असू देत तिथंच. फरशी आत्ताच पुसलीय, उद्या सगळं गणगोत येणार."

घरभर तळणीचा वास होता. उद्या एरगेशच्या नावानं कुराण वाचायचं, तर आदल्या दिवशी कढई चढायलाच हवी. गेलेल्यांना तोच वास पोचतो. तिनं त्याला कोपऱ्यातल्या मानाच्या जागी बसवलं आणि चहा ओतला. त्याच्या प्याल्यात ती नेहमी दोनच घोट ओतायची, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता यावा. आला कधी, उठणार कधी, असं काठोकाठ भरलेल्या प्याल्यानं विचारतात. त्याचा प्याला तिनं आजवर कधी काठोकाठ भरला नव्हता.

त्यानं खोक्यातून फळी काढून टेबलावर ठेवली. सायकालनं हात पुसले, टीव्हीवरून निळी गाडी आणली आणि दोन्ही हातांनी अलगद रस्त्यावर ठेवली. चाकं खुणांमध्ये बरोबर बसली.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "किलोमीटरच्या खांबावर आकडासुद्धा घातलात."

"होता तिथं."

"आणि हे पांढरे काय?"

"कडेचे दगड. चुना लावलेले. तेव्हा कठडा नव्हता."

ती टेबलाभोवती फिरली. वाकून कड्याच्या बाजूनं पाहिलं, मग मागून पाहिलं. तोक्तोसूननं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि डोळे चोळले. चला, निभावलं, असं त्याच्या मनात आलं. आता दोन घोट घ्यायचे आणि निघायचं.

"गाडीचं तोंड वर आहे," सायकाल म्हणाली.

"हो."

"म्हणजे हा चढ आहे."

"चढच आहे."

ती खुर्चीत बसली. "मला कोणी सांगितलंच नाही. मी मनात कायम उतारच धरून चालले होते. उतारावर गाडी आपली आपण पळते, माणसाचा डोळा लागतो म्हणतात."

"लागतो कधीकधी."

"आणि चढावर? भरलेली गाडी, बर्फ, घडीघडीला गिअर बदलायचा. तुम्ही चालवलीय, भावजी. माणूस झोपतो कसा?"

खोटं बोलायला हीच वेळ होती आणि शब्दही तयार होते. तोक्तोसूननं तिच्या पिठानं माखलेल्या मनगटांकडे पाहिलं.

"नाही झोपत," तो म्हणाला.

त्यानं काडेपेटी काढली. सरसाची छोटी बाटली खोक्यात होतीच. काडीच्या टोकानं रस्त्यावर थेंब ठेवला, चिमट्यानं खडा उचलला. दुसऱ्या हातानं मनगट धरलं. खडा गाडीच्या उजव्या चाकापुढे बोटभर अंतरावर बसला.

"हे काय?"

"दगड. माझा आहे तो."

सायकालनं वाकून खड्याकडे पाहिलं.

"मी पुढे होतो. साखळी आवळायला थांबलो नि चाकाला हा लावला. निघताना उचलला नाही. थंडी होती, दमलो होतो. दमलो होतो म्हणजे... कंटाळा केला. तो मागून आला. वर बर्फ पडलेला, त्याला दिसणार कुठून? चाक चढलं असेल वर, गाडी घसरली."

"असेल?"

"घसरली. शोधायला परत आलो तेव्हा दगडावर टायरची काळी खूण होती."

"तुम्ही पाहिलीत."

"सगळ्यांच्या आधी मीच पोचलो."

"मग तो दगड पोलीससाहेबांना का नाही सापडला?"

तोक्तोसूननं खाली पाहिलं. "मी खाली ढकलला. पायानं."

"पायानं," सायकाल म्हणाली.

शेगडीवर कढईतलं तेल तापून धुरायला लागलं होतं. ती उठली, शेगडी बंद केली आणि पाठमोरी उभी राहिली.

"अनारखानला ठाऊक आहे?"

"कोणालाच नाही."

"माझ्या पोराला लोक भरल्या पंगतीत हसायचे. तुम्ही तिथं असायचात."

"असायचो."

"मी तुमच्या पुढ्यात मांसाचा मानाचा तुकडा ठेवायचे. त्याचा दोस्त म्हणून."

त्यानं चिमटा उचलला. "सरस अजून ओला आहे, वहिनी. म्हणालात तर काढतो."

"हात लावू नका त्याला."

तिनं किटली उचलली, त्याचा प्याला समोर ओढला आणि ओतू लागली. दोन घोट झाले, अर्धा झाला, तरी तिचा हात थांबला नाही. चहा काठाला आला, फुगला आणि टेबलक्लॉथवर ओघळला. मग तिनं किटली खाली ठेवली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

तोक्तोसूननं प्याला उचलला. चहा उकळता होता. तो सगळा प्यायला, तळाशी पानं दिसेपर्यंत, आणि प्याला पालथा घालून उठला. दारात जोडे घालायला त्याला फार वेळ लागला. गुडघे वाकत नव्हते आणि आज कोणी खुर्ची पुढे केली नाही.

"उद्या अकराला मुल्ला येतील," आतून सायकालचा आवाज आला. "त्याच्या आधी यायचं. कुबातला तुम्ही सांगायचं. सगळे बसलेले असताना."

"वहिनी, ते तिथं ठेवलंय ना आता. बघतीलच की—"

"दगड काय आपणहून बोलणार आहे?"

त्यानं कोटाची गुंडी लावली. मग म्हणाला, "येतो."

स्टँडवर येऊन तो बाकावर बसला. जीभ भाजली होती. एक व्हॅन आली, तिच्यावरचा आकडा त्याला वाचता येईना. म्हणून त्यानं चष्म्यासाठी खिसे चाचपले. हाताला रिकामी काडेपेटी लागली. चष्मा तिथंच राहिला होता, सायकालच्या टेबलावर, घाटाशेजारी. जाऊन आणायला पाच मिनिटं लागली असती. पण तो बसून राहिला आणि पुढची व्हॅन आली तेव्हा तिचा आकडा ड्रायव्हरलाच विचारला. उद्या जायचंच होतं.