घरटी एक बिल्ला

मित्रांनो, शाळेतला काळा फळा तुम्हाला चांगला ठाऊक आहे. मी त्याच्या भाऊबंदांतला नव्हे. माझ्या अंगावर कुणी कधी खडू चालवला नाही, आणि माझ्याकडे बघून कुणी पाढेही म्हटले नाहीत. मी एक जुना हजेरीचा फळा आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर कोळंबी सोलून गोठवण्याचा एक कारखाना होता. त्याच्या फाटकाला लागून एक लहान खोली होती आणि त्या खोलीच्या दाराशी, बायका आत येतात त्या बाजूला, मी भिंतीवर होतो.

माझा जन्म फणसाच्या फळीतून झाला. दादू सुताराने मला तासून, घासून, दोन महिने सावलीत वाळवून तयार केले. कारखान्याची माणसे घाई करत, तेव्हा तो म्हणे, "खाऱ्या वाऱ्यात उभा रवायचा हाय त्याला. अर्धा कच्चा दिला तर वाकंल, मंग माझंच नाव घ्याल." मी आजतागायत वाकलेलो नाही, हे मुद्दाम सांगतो. नम्रता हा माझा गुण नाही.

माझे काम सोपे होते. माझे दोन भाग. डावीकडे 'बाहेर', उजवीकडे 'आत'. दोन्हीकडे एकशेवीस खिळे, आणि प्रत्येक कामगार बाईचा नंबर ठोकलेला एक पितळी बिल्ला. सकाळी बाई आली की तिने आपला बिल्ला डावीकडून काढून उजवीकडे अडकवायचा. भोंगा झाला की फाटक बंद. मग टाइमकीपरने खिडकीतून माझ्याकडे बघायचे, आणि ज्यांचे बिल्ले डावीकडे राहिले त्यांचा वहीत खाडा मांडायचा. खंडेनवमीला सगळ्या यंत्रांबरोबर मलाही खोबरेल तेलाचा हात मिळे आणि झेंडूची माळ मिळे. पाहुणे आले की साहेब त्यांना आधी माझ्यासमोर उभे करत. मी फुगून जाई.

१९८२ साली दमयंती टाइमकीपर म्हणून आली. ती नाटे गावची. वडील बोटीवर नोकरी करून निवृत्त झालेले, ती स्वतः बी.कॉम. झालेली. कारखान्याचे व्यवस्थापक हरिश्चंद्रसाहेब तिला एकदा म्हणाले, "दमयंतीबाई, कारखाना वाढतोय. कामगार अधिकारी नेमावा लागणार. त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणा, खुर्ची तुमची." साहेब कदाचित सहज बोलले असतील. दमयंतीने मात्र ते मनावर घेतले. त्याच आठवड्यात तिने कोल्हापूरच्या एका संस्थेला पत्र टाकले आणि टपालाने चालणाऱ्या कार्मिक व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला नाव घातले.

मग जाडजूड पाकिटे येऊ लागली. सगळे इंग्रजीत. तिचे इंग्रजी कॉलेजपुरते, पण तिने हार मानली नाही. भोंग्यानंतर हजेरी मांडून झाली की ती पेन्सिल घेऊन बसे, अडलेले शब्द वहीत उतरवी, आणि पाठ झाले की खिडकीतून माझ्याकडे बघून परीक्षकासारखा प्रश्न विचारी. "सांगा, भरती म्हणजे काय? बढती कशावर ठरवावी?" उत्तरही तीच देई. अशाने मित्रांनो, अर्धी पदवी माझीही झाली. प्रमाणपत्र मात्र कुणी दिले नाही.

दुसऱ्या वर्षी प्रबंध लिहायचा होता. तिने विषय घेतला गैरहजेरीचा. बायका कामावर का येत नाहीत, हे शोधायचे. तीन वर्षांच्या वह्या तिने उलगडल्या आणि चकितच झाली. एकतीस बायकांचा तीन वर्षांत एकही खाडा नव्हता! भातकापणीत नाही, लग्नसराईत नाही, शिमग्यातसुद्धा नाही. त्या यादीत पहिले नाव नंबर सत्तावीस, हौसा. हौसा खाडीपलीकडच्या गावात दिलेली, पण माहेर नाट्याचे, म्हणून दमयंती तिला आत्या म्हणे. दमयंतीने विषय उलटा केला. बायका कामावर इतक्या नेमाने का येतात, याची तिने पुस्तकातून पाच कारणे काढली. मार्गदर्शक सरांनी कळवले, 'उत्तम.' बसस्टँडजवळच्या टंकलेखकाने प्रती टंकून दिल्या, त्यांना लाल कापडी बांधणी झाली. साहेबांनी हौसाचा साडी-नारळ देऊन सत्कार करायचे ठरवले.

मी सारे बघत होतो आणि आतून अस्वस्थ होतो. कारण सत्तावीसच्या खिळ्यावर दोन तऱ्हेचे हात येत. एक हात बिल्ला अलगद अडकवी. दुसरा घाईने आपटी, आणि त्याच्या एका बोटावर कापल्याचा वण होता. पण मला कोण विचारतो? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत होती. दमयंती माझ्याकडे रोज बघे, पण भोंगा झाल्यावर. तोवर डोक्याला पांढरे फडके आणि पायात गमबूट घातलेल्या, एकसारख्या दिसणाऱ्या सगळ्या बायका आत गेलेल्या असत.

प्रबंध टपालात टाकायच्या आदल्या दिवशी ती शेवटचा हात फिरवत होती. "नंबर सत्तावीस, मार्च पंच्याऐंशी, शिमगा, हजर," असे तिने मोठ्याने वाचले आणि ती थांबली. त्या दिवशी ती स्वतः रजेवर होती, नाट्याला. पालखी दारात आली होती. आणि शेजारच्या अंगणात देवीची ओटी कोण भरत होते? हौसाआत्या! दोघींनी एकाच ताटातले खोबरे खाल्ले होते.

दुपारच्या सुटीत तिने हौसाला खोलीत बोलावले.

"आत्ये, शिमग्याला तू नाट्यात होतीस. मग इथं बिल्ला कुणी लावला?"

हौसाने जरासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत. "चिमीनं. माझ्या धाकट्या जावेनं. दुसरं कोण लावणार?"

"अगो, पण बिल्ला तुझा ना?"

"माझा कसा? घराचा! साहेबानंच सांगितलं व्हतं, येका घरातली येकच बाय घेणार. मंग आमी येकच येताव. दोघी कधी आलाव काय? गावकीत पाखाडीच्या पायऱ्या दुरुस्त करायच्या झाल्या तर घरटी येक माणूस मागतात. तवा नाव कोण इचारतो गो बाय? आज भाऊ, उद्या भावजय. माणूस आला म्हंजे झालं."

दमयंतीने समोरचा प्रबंध मिटला. चोरी नव्हती, लबाडी नव्हती. गावात शंभर वर्षे चालत आलेली रीत बायकांनी फाटकाच्या आत आणली होती, आणि साहेबांचा नियम त्यांनी आपल्या समजुतीने अगदी चोख पाळला होता. तिची पाचही कारणे खोटी ठरली होती.

निरोप धाडून तिने दुसऱ्या दिवशी चिमालाही हौसाबरोबर बोलावले. चिमा दाराशीच उभी राहिली.

"तुमचं बोट कशानं कापलं?"

"पत्र्यानं. गेल्या सालात. हितंच. डाक्तरानं कागदावर हौसा लिवलान. बिल्ल्यावर त्येच नाव, म्हणून मीबी त्येच सांगितलंय."

"आणि मग?"

हौसा मध्येच हसली. "मंग काय! बोट हिचं कापलेलं, आनि आठ दिवस हलकं काम मला दिलान. माझी धाही बोटं धडधाकट. बघितलं कुनी?"

चिमा मात्र हसली नाही. दमयंतीही नाही. मला त्या वेळी स्वतःचीच लाज वाटली, कारण बोट कापले त्या दिवशीही माझ्यावर बिल्ला व्यवस्थित लटकत होता आणि मी मिरवत होतो.

प्रबंध पोहोचवायला बारा दिवस उरले होते. तारीख चुकली की नोंदणी रद्द, दोन वर्षे पाण्यात. दमयंती साहेबांकडे गेली आणि सगळे खरे सांगितले. साहेब तिच्याबरोबर तणतणत फाटकाच्या खोलीत आले. "ही फसवणूक आहे! तुम्ही गप्प राहा. आहे तो प्रबंध पाठवा, पास व्हा, खुर्ची घ्या. बायकांचं मी बघतो."

"नाही साहेब," दमयंती म्हणाली. ती मागे हटली नाही. "या एकतीस बायकांचा खाडा नाही, म्हणून तुमचा माल वेळेवर जातो. तो का नाही, ते मला आता कळलंय. मी तेच लिहिणार. एका घरातल्या दोघींची नावं लावा, दोघींना बिल्ले द्या. आज ही, उद्या ती. काम बुडणार नाही आणि बोट कापलं तर जिचं तिच्या नावावर नोंदलं जाईल."

साहेब तणतणतच परत गेले. संध्याकाळी माझ्याशेजारी नोटीस चिकटली. ज्या बाईचे नाव, तीच कामावर घेतली जाईल.

बायकांनी नोटीस ऐकली आणि तीही चोख पाळली. दिवस भातकापणीचे होते; नाव असलेल्या बायका शेतात होत्या, आणि त्यांच्या बदली आता कुणी आली नाही. दुसऱ्या सकाळी माझ्या डाव्या बाजूला सव्वीस बिल्ले तसेच राहिले. भोंग्यानंतर इतके पितळ त्या बाजूला मी प्रथमच पाहिले. जेटीवर ट्रॉलर लागले होते, कोळंबीच्या टोपल्यांवर टोपल्या येत होत्या आणि सोलायला हात नव्हते. बर्फ वितळू लागला, कोळंबी काळी पडू लागली. साहेबांनी दोन दिवस ताणले. तिसऱ्या दिवशीही तेच.

दमयंतीने इकडे लाल बांधणीच्या प्रती कपाटावर टाकून कोरे कागद घेतले होते. आता ती भोंग्याच्या आधी बाहेर येऊन माझ्याशेजारी उभी राहू लागली, हातात वही घेऊन. बायका आधी तोंड फिरवून जात. वही बघितली की माणूस बिचकतोच. तेव्हा हौसा तिच्याजवळ येऊन उभी राहिली आणि ओरडून म्हणाली, "सांगा गो हिला, भ्यायचं नाय. माझ्या माहेरची हाय!" मग हळूहळू घरे उलगडत गेली. कुठे जावा-जावा, कुठे सासू-सून, एका घरी तर तिघी बहिणी. दमयंतीने लिहिलेले प्रत्येक पान आधी त्यांना मराठीत वाचून दाखवले. "हे छापलं तर चालेल का?" असे ती विचारी. एकीने नको म्हटले, तर तिचा मजकूर तिने तिथल्या तिथे खोडला.

चौथ्या दिवशी साहेब पुन्हा खोलीत आले. इकडेतिकडे बघितले, टोपी काढली, पुन्हा घातली. "दमयंतीबाई," ते म्हणाले, "ते दोन नावांचं काय लिहिलंय, जरा दाखवा." आणि त्यांनी उभ्या उभ्या ते पूर्ण वाचले. जाताना नोटीस त्यांनी स्वतःच्या हाताने फाडली. चिकटवलेल्या खळीचा डाग माझ्या शेजारच्या भिंतीवर पुढे कित्येक वर्षे होता.

प्रबंध अकराव्या दिवशी गेला. टंकायला वेळ नव्हता म्हणून निम्मा हातानेच लिहिलेला होता. जानेवारीत दमयंती एस.टी.ने आंबा घाट चढून कोल्हापूरला तोंडी परीक्षेला गेली. परत आल्यावर तिने हौसाला जे सांगितले, ते मी ऐकले. परीक्षकांनी विचारले होते, "तीन वर्षं टाइमकीपर तुम्हीच. मग तुम्हाला हे दिसलं कसं नाही?"

"मग तू काय बोललीस?" हौसाने विचारले.

"म्हटलं, मी बघितलंच नाही सर. चूक माझी आहे, आणि ती पहिल्याच प्रकरणात लिहिली आहे."

निकाल लागला. दुसरा वर्ग. हाताने लिहिलेल्या पानांचे गुण कापले गेले असावेत, असे ती म्हणाली. पण रडली नाही. साहेबांनी शब्द पाळला, आणि त्या बंदरावरच्या कारखान्यांत पहिली बाई कामगार अधिकारी झाली. दादू सुतार येऊन माझ्या खालच्या बाजूला खिळ्यांची नवी ओळ ठोकून गेला. ठोकताना दुखले, पण मी हू की चू केले नाही.

ज्या दिवशी नवे बिल्ले द्यायचे होते, त्या सकाळी खुर्ची सोडून दमयंती स्वतः फाटकाशी टेबल मांडून बसली. चिमा पुढे आली.

"नाव?" दमयंतीने विचारले.

"हौसा," चिमा सवयीने बोलून गेली.

मागच्या बायका खुदकन हसल्या. दमयंती हसली नाही. ती लेखणी उचलून तशीच थांबली, वर बघत. "तुमचं सांगा."

चिमाने पदर सारखा केला. सात वर्षे ती त्या फाटकातून आत येत होती. तिने आपले नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव, सगळे एका दमात सांगितले. इतक्या मोठ्याने, की जेटीवरच्या लोकांनी मान वळवून बघितले. मग एकशेएकवीस नंबरचा बिल्ला घेऊन ती माझ्याकडे आली. हात तोच, वण तोच. पण या वेळी तिने बिल्ला आपटला नाही.

पुढे हजेरीचे यंत्र आले आणि मी बर्फखान्याच्या मागच्या खोलीत गेलो. बिल्ले कुठे गेले ठाऊक नाही. खिळे गंजले, एका कोपऱ्यात वाळवी लागली. मित्रांनो, मला तेल लावा, ऊन दाखवा, असे मी म्हणणार होतो, आणि लावलेत तर बरेच वाटेल. पण त्याहून मोठे मागणे आहे. उद्या तुम्ही शिकाल, मोठ्या पदव्या घ्याल, कुणी वर्गाची, कुणी कचेरीची, कुणी कारखान्याची हजेरी घ्याल. तेव्हा फळा किती भरला हे मागाहून बघा. आधी समोरच्या माणसाकडे मान वर करून बघा, त्याचे नाव विचारा, आणि ते सांगून होईपर्यंत थांबा.