कंपनीची पिकनिक, १९३७

हॅलिडे हे गाव लोखंड ओतायच्या एका फाउंड्रीने वसवलं. घरं कंपनीची, दुकान कंपनीचं, चर्चही कंपनीनेच बांधलेलं, म्हणजे देवसुद्धा भाडेकरूच. फाउंड्री बंद पडून चाळीस वर्षं झाली आणि आता मालकाच्या नातवाला, डग हॅलिडेला, गावाच्या आठवणींचं भरतं आलंय. जुन्या ऑफिसात त्याने म्युझियम काढलं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच.

मी व्हिक्टर तुस्कानो, मूळचा वसईचा. कॅनडातल्या केंब्रिजच्या एका कारखान्यात मोटारीचे पत्रे दाबण्यात सव्वीस वर्षं घालवली आणि रिटायर झालो. दिवसभर बेसमेंटमध्ये बसून टीव्हीवरच्या माणसांना शिव्या देतो म्हणून बायकोने, रोझमेरीने, मला घराबाहेर हाकललं.

"व्हॉलंटिअर कर कुठेतरी. तिथे जाऊन दे शिव्या," म्हणाली.

तेव्हापासून दर मंगळवारी पाऊण तास गाडी हाकत मी हॅलिडेला जातो आणि जुने फोटो स्कॅन करतो. डग मला 'व्हिक' म्हणतो. दोनदा सांगितलं, व्हिक्टर. तिसऱ्यांदा नाही सांगितलं.

फोटो सगळे कंपनीच्या फोटोग्राफरने काढलेले. प्रत्येकात माणसं हसताहेत. भट्टीसमोर हसताहेत, घरांच्या रांगेसमोर हसताहेत, नव्या बंबासमोर हसताहेत. आमच्या कारखान्यातही फोटोवाला आला की सुपरवायझर म्हणायचा, हसा, आणि आम्ही हसायचो. त्या हसण्याला पुढे कोणी 'गोल्डन डेज' म्हणणार आहे हे ठाऊक असतं तर मी जीभ काढून दाखवली असती. कारण डगच्या प्रदर्शनाचं नाव तेच होतं, 'गोल्डन डेज'.

प्रदर्शनाच्या दिवशीच दाराशी एक दगडही बसवायचा होता. फाउंड्रीत काम करताना मेलेल्यांची नावं त्यावर कोरायची होती. डगच्या यादीत एकतीस नावं होती. हेलेनाचं म्हणणं होतं, बत्तीस.

हेलेना वोयचिक म्हणजे नव्वद वर्षांची पोलिश म्हातारी. दर मंगळवारी वॉकर ढकलत यायची आणि एकच गोष्ट सांगायची. तिचा बाप यान वोयचिक. ती तीन वर्षांची असताना भट्टीतलं वितळलेलं लोखंड अंगावर सांडून तो गेला, असं तिची आई मरेपर्यंत सांगत होती. कंपनीच्या रजिस्टरमध्ये मात्र वेगळंच लिहिलेलं, 'स्वखुशीने काम सोडले, १२ जून १९३७.' खाली सही मालक आणि मॅनेजर अर्नेस्ट हॅलिडेची, म्हणजे डगच्या आजोबाची. आठवड्यात मायलेकींना घर रिकामं करायला लावलं, कारण घर कामगाराचं, पळून गेलेल्याच्या बायकोचं नव्हे. शाळेत पोरं तिला पळपुट्याची मुलगी म्हणायची.

डग तिला चहा द्यायचा, खांद्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "हेलन, स्वीटहार्ट, पुरावा आण." नावं छाटायची त्या घराण्याची सवयच असावी.

एप्रिलमध्ये माझ्या हातात आल्बमचं एक पान आलं. फोटोखाली लिहिलेलं, 'कंपनीची पिकनिक, १९३७.' तीसेक माणसं, कडक ऊन, मागे चर्चची भिंत. डगचा हा सगळ्यात लाडका फोटो. भिंतभर मोठा करून तो दारासमोर लावायचा होता.

मी बघितलं आणि हातमोजा काढून ठेवला.

या एकाच फोटोत कोणी हसत नव्हतं. पुढे एकही पोर बसलेलं नव्हतं. ग्रुप फोटोत पोरं पुढे, खाली बसतात, वसईत काय नि कॅनडात काय. इथे पोरं होती, पण आयांच्या कडेवर आणि कडेला. मधली माणसं दोन्ही बाजूंना सरकून थोडी आत वाकलेली, मधे कोणाला तरी जागा दिल्यासारखी. आणि मधली ती जागाच नेमकी कापलेली. फोटोची खालची कड त्यांच्या कमरेशी संपत होती.

असे उभे राहतात ते शवपेटीभोवती. आमच्याकडे, वसईच्या ख्रिस्ती लोकांत, मयत घरातून उचलण्याआधी पेटी किंचित तिरकी धरतात, घरचे दोन्ही बाजूंना उभे राहतात आणि फोटो काढतात. जे परदेशी असतात, येऊ शकत नाहीत, त्यांना तो पाठवतात. पप्पा गेले तेव्हा माझ्या कारखान्याने रजा नाकारली. महिन्याने माझा भाऊ डीन याने पाकिटातून तो फोटो पाठवला. वीस वर्षं तो मी कपाटात ठेवलाय. त्यात कोण कसं वाकलंय हे मला डोळे मिटून सांगता येतं. मला रडू आलं, आणि डगच्या म्युझियममध्ये रडावं लागलं याचा राग त्याहून जास्त आला.

निगेटिव्ह शोधायला तीन मंगळवार गेले. खाकी पाकिटातून निघालेली ती निगेटिव्हची काच स्कॅनरवर ठेवली आणि पडद्यावर अख्खा फोटो उमटला. मधे उघडी पेटी. आत एक तरुण माणूस, गळ्यापर्यंत चादर, दोन्ही हात कापडात गुंडाळलेले. पेटीवर पाटी होती, 'यान वोयचिक, ११ जून १९३७.' डाव्या बाजूला काळ्या रुमालातली बाई, तिच्या कडेवर पोर. आणि पेटीच्या डोक्याशी, हात जोडून, मान खाली घालून उभे होते मॅनेजर अर्नेस्ट हॅलिडे. प्रेताला निरोप देऊन हा गृहस्थ दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेला आणि त्याने लिहिलं, स्वखुशीने काम सोडले. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, पण एवढं?

डगला दाखवलं. तो पडद्याजवळ वाकला. मग म्हणाला, "वाव. पॉवरफुल."

"नाव दगडावर येईल ना?"

"व्हिक, दगड कोरून झालाय. आणि हा माणूस कशाने मेला हे फोटो थोडंच सांगतो? न्यूमोनियाही असेल. आपण इथे सेलिब्रेट करतो, उकरत नाही. तू तो आल्बममधलाच लाव. पिकनिकवाला."

न्यूमोनियाने हात भाजतात हे मला नवीनच होतं.

घरी रोझमेरीला सांगितलं. ती भांडी पुसत होती. "मग आता काय करणार तू? भांडणार?"

"भांडून काय, तो चहा देईल. फोटो प्रिंटरकडे कोण पाठवतं? मीच."

मुलगी रेबेका सोफ्यावरून म्हणाली, "डॅड, प्लीज डोन्ट मेक इट वीअर्ड."

दुसऱ्या मंगळवारी हेलेनाला मी फोटो दाखवला. ती रडली नाही. काळ्या रुमालातल्या बाईवर तिने बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही. "मामा," म्हणाली, म्हणजे आई. मग पेटीच्या डोक्याशी उभा असलेला माणूस तिने ओळखला, आणि इतकी घाणेरडी पोलिश शिवी हासडली की भाषा येत नसूनही मला कळली.

मी प्रिंटरला अख्खा फोटो पाठवला. फोटोखालचं नाव मात्र डगला हवं होतं तेच ठेवलं. बिनपगारी माणसाला कामावरून काढणार कोण?

उद्घाटनाला दीडशे माणसं आली. नगराध्यक्षा, बँडवाले, टेबलावर काकडीची सँडविचं. डगने आजोबांच्या मोठ्या मनावर दहा मिनिटं भाषण केलं, कामगार म्हणजे आमचं कुटुंब वगैरे, आणि दोरी ओढली. पडदा पडला.

आठ फूट उंच यान वोयचिक. डोक्याशी आजोबा. खाली ठळक अक्षरात, 'कंपनीची पिकनिक, १९३७.'

बँड अर्ध्यातच थांबला. डगने आधी फोटोकडे बघितलं, मग माझ्याकडे. "प्रिंटिंगमध्ये काहीतरी चूक..." एवढंच त्याला बोलता आलं. कोणीतरी मागून विचारलं, पेटीवर नाव कोणाचं आहे? कोणीतरी ते मोठ्याने वाचलं. मग दोघातिघांनी बाहेर जाऊन दगड वाचला आणि परत आले.

हेलेना वॉकर ढकलत टेबलापाशी गेली. तिने एका बशीत दोन सँडविचं ठेवली, वॉकरच्या फळीवर बशी ठेवली आणि हळूहळू डगसमोर येऊन उभी राहिली. कोणी तिची वाट अडवली नाही. बशी तिने त्याच्या हातात दिली.

"खा, डग. पिकनिक आहे. आणि माझ्या पप्पांचं नाव कधी कोरतोयस ते खाता खाता सांग. मी थांबते."

डगने बशी धरली. दीडशे माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती.