तिसऱ्या घरातली कॉइल

मी एक जुनी इग्निशन कॉइल आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. मित्रांनो, तुमच्या शाळेच्या व्हॅनच्या इंजिनात चार सिलिंडर असतात, म्हणजे चार घरं म्हणा. प्रत्येक घराच्या डोक्यावर माझ्यासारखी एक कॉइल बसवलेली असते. वायरीतून थोडीशी वीज येते, मी तिची जोरदार ठिणगी करून देते, आणि ठिणगी पडली की पेट्रोल पेटतं. मी तिसऱ्या घरावर होते.

कारखान्यात केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळून मला घडवलं. तपासणाऱ्या बाईंनी मला खोक्यात घालण्याआधी उलटसुलट करून पुन्हा पुन्हा पाहिलं. माझा हा संशयी स्वभाव मी बहुतेक त्यांच्याकडूनच घेतला.

मानपाड्याच्या गोपीनाथशेठनी ही व्हॅन विकत घेतली. शेठ मूळचे तिथलेच. पूर्वी त्यांची भातशेती होती, आता त्या जागी इमारती आहेत. व्हॅन चालवायचा सहदेव. आम्ही कितीतरी वर्षं डोंबिवलीतली मुलं शाळेत सोडली आणि घरी आणली. सगळे इंजिनाचं कौतुक करत, माझं नाव कोणाच्या तोंडी नसे. दसऱ्याला मात्र आमचाही मान असायचा. शेठ बॉनेट उघडून आम्हांला हळदकुंकू वाहायचे आणि नारळ फोडून त्याचं पाणी थेट आमच्या अंगावर ओतायचे. दुसरे लोक चाकापाशी ओततात. शेठ म्हणायचे, "पोटात गेला पायजे परसाद." मला तो दिवस फार आवडायचा.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर व्हॅन अचानक थरथरू लागली. माझ्यापर्यंत वीजच नीट पोचत नव्हती. मग सहदेवनं एक विचित्र गोष्ट सुरू केली. शाळेबाहेर मुलांची वाट बघताना तो हळूच बॉनेट उघडायचा, इकडेतिकडे पाहायचा, आणि माझ्या डोक्यावरचं वायरीचं टोपण दाबायचा. व्हॅन थोडा वेळ बरी चालायची. तो हे कोणालाच सांगत नव्हता. खरं सांगते, मलाही त्याचा संशय आला.

शाळेच्या फाटकावरच्या गणू वॉचमननं ते पाहिलं आणि शेठच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी मुलं शाळेत पोचताच शेठनी सहदेवच्या हातातून किल्ली काढून घेतली.

"चांगला पार्ट काढून भंगार लावलास ना? गणूनं पायलाय तुला, बॉनेट उघरून उभा व्हतास."

"शेठ, मी फक्त वायर दाबत होतो. तेवढ्यावर चालायची."

"मंग लपवलास कशाला?"

"तुम्ही असंच बोलाल म्हणून," सहदेव म्हणाला.

शेठ स्वतः व्हॅन चालवत काळुरामच्या गॅरेजवर गेले. सहदेव बाजूला बसला होता. त्याची नोकरी आता माझ्यावर अवलंबून होती. मी नकली निघाले असते, तर तो चोर ठरला असता.

काळुराम मेकॅनिकनं मशीन लावून पाहिलं. "तीन नंबर मिसिंग मारतोय," तो म्हणाला. म्हणजे तिसऱ्या घरात पेट्रोल नीट पेटत नव्हतं.

"मंग ती कॉइलच डुप्लिकेट हाय. काढ आनि फेक."

मला वाटलं, हा बाजूचा इंजेक्टरच मुद्दाम पेट्रोल सोडत नसेल. नाहीतर माझी ठिणगी जिथे पडते तो खालचा प्लग काळा पडला असेल. काळुरामही फसवणार, नवी कॉइल खपवणार.

पण तो म्हणाला, "थांबा जरा, शेठ. ही आणि दोन नंबरची कॉइल, दोघींची जागा बदलून बघू. कॉइल खराब असेल तर जिथे बसेल तिथे त्रास देईल."

त्यानं मला दुसऱ्या घरावर बसवलं आणि तिथली कॉइल तिसऱ्यावर. व्हॅन सुरू झाली. मी जीव तोडून ठिणग्या पाडल्या. दुसरं घर छान चालू लागलं. तिसरं तसंच अडखळत राहिलं.

"कॉइल ओरिजिनल आहे, आणि एकदम ठणठणीत," काळुराम म्हणाला.

शेठची शंका मात्र गेली नाही. "मंग यानं दुसरा कायतरी काढला असंल."

काळुरामनं प्लग काढून पाहिला, तो चांगला होता. मोठ्या स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवून त्यानं मूठ कानाला लावली. इंजेक्टर टिकटिक करत होता. मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. मग काळुरामनं तिसऱ्या घराच्या वायरीच्या टोपणाला टेस्टिंगचा दिवा लावला. दिवा मिणमिणला आणि विझला. टोपण दाबल्यावर पुन्हा लागला. आत पितळेच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक चढला होता. त्यानं कापसानं टोपण पुसलं. कापूस हिरवा झाला, आणि त्यावर लालपिवळं काहीतरी आलं.

"हे हळदकुंकू? ह्यात पाणी कोणी ओतलं?"

सहदेवला उत्तर माहीत होतं.

शेठनी तो कापूस हातात घेतला. "मीच," ते म्हणाले.

टोपण बदलल्यावर व्हॅन शांतपणे चालू लागली. शेठनी किल्ली सहदेवच्या हातात दिली, पण स्वतः शेजारी बसले. मला वाटलं, अजून पाळत ठेवतायत. शाळेच्या फाटकावर पोचल्यावर शेठ खाली उतरले आणि गणूला हाक मारली. मुलं बाहेर येत होती, त्यांचे आईवडील उभे होते.

"गणू, सहदेवची काय चूक नव्हती. चूक माझी व्हती," शेठ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

सहदेवनं इंजिन बंद केलं नव्हतं, म्हणून मी ठिणग्या पाडत राहिले.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा, पण बॉनेट बंद ठेवून. आणि काही बिघडलं तर कोणाला फेकून देण्याआधी त्याच्यापर्यंत येणारी वायर एकदा तपासा. मी अजून दुसऱ्या घरातच आहे. सहदेव अजूनही कधी कधी बॉनेट उघडतो, पण आता इकडेतिकडे बघत नाही.