सडक बाराची अनामित

कमलिनी साठाव्या वर्षी स्टील प्लांटच्या, कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाली आणि भिलाईचं सेक्टर दोनमधलं क्वार्टर सोडून नवऱ्याबरोबर दुर्गला, बोरसीतल्या स्वतःच्या घरात राहायला आली. घर हवेशीर होतं. पण शेजारी अजून ओळखीचे झाले नव्हते, आणि दुपारी अरुणकुमार झोपले की बोलायला कोणी नसायचं. मग ती फोनवर काहीबाही वाचत बसायची. शक्यतो मराठी, कारण दाराबाहेर सगळं हिंदीच.

एकदा गीतांजलीनं, तिच्या मुलीनं, पुण्याहून एका ब्लॉगची लिंक पाठवली. 'आई, हे तुमच्या भिलाईच्या सडकेबद्दल दिसतंय.' ब्लॉगचं नाव होतं 'सडक बारा'. लिहिणारी अमरावतीची, वसुंधरा नावाची बाई.

कमलिनीनं नाव वाचलं आणि फोन पालथा ठेवला.

दुसऱ्या दिवशी मात्र तिनं पहिल्या पानापासून सगळं वाचून काढलं. प्लांटचा भोंगा झाला की सायकलींची रांग कशी लागायची. गणपतीत चादरी बांधून केलेलं स्टेज. एका छपराखालची दोन क्वार्टरं, सात-ए आणि सात-बी, दोन्ही अंगणांच्या मधे पेरूचं झाड, आणि त्या झाडाचे पेरू कुणाचे यावरून दोन्ही आयांची भांडणं. सात-ए वसुंधराचं. सात-बी कमलिनीचं.

एका ठिकाणी वसुंधरानं लिहिलं होतं, कोपऱ्यावर जांभूळ होतं. कमलिनीला राहवलं नाही. तिनं खाली लिहिलं, 'कोपऱ्यावर करंज होता. जांभूळ सडक तेराला.' नाव टाकलं नाही. वर आपोआप उमटलं, 'अनामित म्हणाले'.

तासाभरात उत्तर आलं. 'अगदी बरोबर! तुम्ही आमच्या सडकेवरच्या का?'

'हो,' एवढंच तिनं लिहिलं.

वसुंधरा दर गुरुवारी लिहायची. कमलिनी गुरुवारची वाट पाहू लागली. भाजी निवडतानाही फोन शेजारी असायचा. कधी ती शिक्षिकेचं विसरलेलं नाव सांगायची, कधी भुईमुगाच्या शेंगा विकणाऱ्या म्हाताऱ्याची हाळी जशीच्या तशी लिहायची. एकदा सर्दीतापानं आठवडाभर काही लिहिलं नाही, तर वसुंधरानं विचारलं, 'आमच्या अनामितबाई कुठे हरवल्या?' ते वाचून कमलिनी कितीतरी वेळ त्या एका ओळीकडे बघत राहिली.

"काय वाचून हासून राहिली?" अरुणकुमार विचारायचे.

"काई नाई. जुन्या गोष्टी."

श्रावणातल्या एका गुरुवारी वसुंधरानं 'नापास' नावाचा लेख लिहिला. 'प्लांटच्या क्लार्कच्या परीक्षेला मी आणि माझी मैत्रीण कमल, दोघी बसलो होतो. एकाच दिव्याखाली अभ्यास केला. कमलला मुलाखतीचं पत्र आलं, मला आलं नाही. नापास झाले. वडिलांनी लग्न ठरवलं. अमरावतीहून मी कमलला तीन पत्रं लिहिली. तिनं एकाचंही उत्तर दिलं नाही. माझं काय चुकलं, ते मला अजून कळलेलं नाही.'

कमलिनीनं चष्मा काढला. डोळ्यांपुढं ती दुपार आली. त्र्याऐंशी साल. वसुंधराच्या घरचे सगळे नात्यातल्या लग्नाला भंडाऱ्याला गेलेले, दाराला कुलूप. पोस्टमननं साधं पाकीट कमलिनीच्या हातात दिलं, "सात-ए वालों को दे देना बेटी." प्लांटचं पाकीट होतं. तसंच तिचंही आदल्या दिवशी आलं होतं. बाईमाणसाची एकच जागा आहे असं ऐकलं होतं. कमलिनीचे वडील डिसेंबरात रिटायर होणार होते, आणि घरात दुसरं कोणी नोकरीत नसेल तर क्वार्टर जाणार होतं. तिनं दोन दिवस पाकीट उशीखाली ठेवलं. तिसऱ्या दिवशी शेगडीत घातलं.

संध्याकाळी चहा देताना तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती आणि हे ती पहिल्यांदा बोलत होती. अरुणकुमारांनी कप हातातच धरून ठेवला.

"आता कावून सांगतं तिले? तिले काई मालूम नाई. राहू दे तसंच."

"तिले वाटते का ते नापास झाली."

"झाले ना चाळीस वर्ष."

"चाळीस वर्ष तेच वाटून राहिलं तिले."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "लिही मंग. पन तिनं तोंड फिरवलं तं सोसा लागन तुले."

कमलिनीनं लिहायला बसून तीनदा पुसलं. शेवटी लिहिलं, 'वसू, तू नापास झाली नव्हतीस. तुझं पत्र आलं होतं. पोस्टमननं माझ्याकडे दिलं आणि मी ते जाळलं. मी कमल.' मग तिनं पाठवलं.

पुढच्या गुरुवारी लेख आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कमलिनी रोज दुपारी ब्लॉग उघडायची, आपलीच ओळ वाचायची, बंद करायची. एकदा ऑटो करून भिलाईच्या सिव्हिक सेंटरला गेली, बँकेचं काम उरकलं आणि परतताना मुद्दाम सडक बारावरून आली. सात-एच्या अंगणात कुणाचे तरी कपडे वाळत होते. ती उतरली नाही.

एकविसाव्या दिवशी तिच्या ओळीखाली उत्तर दिसलं. एक फोन नंबर, आणि 'दुपारी तीननंतर.'

तिनं तीन वाजून दोन मिनिटांनी फोन लावला.

"कमल?"

"हो."

"आवाज बदलला तुहा."

"तुहा नाई बदलला," कमलिनी म्हणाली, आणि तिनं नाक ओढलं.

"रडू नको. मले विचारा लागते. माह्या पत्रांचं उत्तर कावून नाई देल्लं?"

"काय लिहू, वसू? रोज ऑफिसात जाऊन बसत होती मी. तुह्या जागेवर बसली असं वाटे. पत्रं वाचले मी. तिन्ही वाचले."

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मुलाखतीत पडलीही असती मी," वसुंधरा म्हणाली. "कोन सांगावं. पन ते आता कधीच समजनार नाई मले. मले राग आलाय तुहा, कमल. बहुत राग आलाय."

"येऊ दे."

"फोन ठेवू नको पन."

"नाई ठेवत."

अमरावतीच्या रस्त्यावर कुणी भाजीवाला ओरडत गेला, तो कमलिनीला बोरसीत ऐकू आला.

मग वसुंधरानं विचारलं, "पहिल्या दिवशी कुठं बसवलं होतं तुले?"

"खिडकीजवळ. लाकडाची खुर्ची, एक पाय हालत होता तिचा."

"खिडकीतून काय दिसे?"

"चिमण्या. सायकल स्टँड. अन् एक सप्तपर्णी."

"बाया किती होत्या?"

"दोघी. मी अन् कांताबाई. डबा खायला जागा नोयती, रेकॉर्ड रूममधे खाऊ आमी."

"मंग?" वसुंधरा म्हणाली.