तांडेलानं सोडलेलं घर

मित्रांनो, मी शंख आहे. मुठीत मावणारा, जुना, टोकाशी झिजलेला. एका समुद्री गोगलगायीनं मला घडवलं आणि ती गेल्यावर माझ्यात एकामागून एक खेकडे राहून गेले. या खेकड्यांचं पोट मऊ असतं. उघडं पडलं तर जिवावर बेततं, म्हणून ते रिकामा शंख शोधून तो पाठीवर घेऊन हिंडतात. मी घरमालक चांगला होतो. कुणालाही कधी बाहेर काढलं नाही.

चिंचणीच्या किनाऱ्यावर भाविनीनं मला उचललं, तेव्हा आत खेकडा होताच. भाविनी पाचवीत शिकते. तिचे आजोबा देवजी पूर्वी तांडेल होते, म्हणजे सगळी होडी त्यांच्या शब्दावर चालायची. म्हणून तिनं खेकड्याचं नावही तांडेल ठेवलं. टबात वाळू घालून ती नळाचं पाणी ओतणार, तोच आजोबा ओरडले, "अगं बाय, गोड्या पाण्यात मरेल तो! खारं आण." तेव्हापासून ती रोज समुद्राचं पाणी बादलीनं आणायची, सुकटीचा तुकडा घालायची. तिचा जीव होता त्याच्यावर, हे मी आधीच सांगून ठेवतो.

नारळी पौर्णिमा जवळ आली. किनाऱ्यावर होड्यांना नवा रंग चढू लागला. भाविनीनं पिशवीभर शंख गोळा करून, खिळ्यानं भोकं पाडून दाराला तोरण केलं होतं. होडीचा उरलेला तेलरंग दिसताच तिच्या मनात आलं, होडीला रंग लावतात, मग तांडेलाच्या घराला का नको? तिनं मला निळा रंग दिला, वर लाल पट्टा ओढला, तोंडाशी पांढरी कड काढली. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. इतक्या वर्षांत मला कुणी सजवलं नव्हतं. आत तांडेल मात्र अंग आखडून बसला होता. रंग धड वाळलाही नव्हता, तोच तिनं आम्हाला पाण्यात ठेवलं.

सकाळी पाण्यावर तेलकट तवंग होता आणि तांडेल माझ्याबाहेर, उघडा, वाळूत पडला होता.

"आजोबा! तांडेल बाहेर आला!" भाविनीनं त्याला चिमटीत धरून माझ्यात कोंबायला हात घातला.

"हात लावू नको! फाटेल तो," आजोबा म्हणाले. "रंगाचा वास सहन झाला नाही त्याला. पाणी बदल आधी. आणि दुसरा शंख आण."

तिनं पाणी बदललं आणि तोरण ओरबाडलं. एक शंख टबात टाकला. तांडेलानं तो नांग्यांनी चाचपला, सरकत आत शिरला. भाविनी टबावर वाकली. पण भोकातून त्याचं पोट दिसत होतं. तो बाहेर आला. दुसरा शंख, तिसरा. प्रत्येकाला भोक होतं.

ती किनाऱ्याकडे धावली आणि तशीच परत आली. भरती होती. पाणी बंधाऱ्याला लागलेलं. किनारा उघडा पडायला अजून तीन तास होते. ती सुरी घेऊन माझा रंग खरवडू लागली. खरवड बाई, म्हटलं, कातडी निघाली तरी चालेल. पण तोंडाच्या आतला रंग हलेना. टबात तांडेलाच्या मिशा थांबत थांबत हलत होत्या. मला पहिल्यांदाच माझी लाज वाटली.

तिची आई देवकी मासळी सुकवायच्या परातींपाशी होती. एरवी ती या टबावर चिडायची, "खायचे खेकडे पाळते ही!" आता तिनं लेकीचं तोंड पाहिलं आणि टोपली उचलली. पाणी उतरू लागलं तशी ती कमरेएवढ्या पाण्यात शिरून काठाजवळ खुंटांना बांधलेल्या जाळ्यापर्यंत गेली. जाळ्यात अडकलेला शंख-शिंपल्यांचा कचरा नेहमी झटकून टाकायचा असतो. आज तिनं तो मुठी मुठीनं चाळला.

भाविनी टब कडेवर आणि मला मुठीत घेऊन काठावर उभी होती. आईनं आणलेला शंख काळपट, खरबरीत आणि कडेला तुटका होता. मी त्याच्याकडे नाक मुरडलं असतं. तांडेलानं त्याला फिरवून पाहिलं. आत नांगी घातली, काढली. थांबला. इतका वेळ थांबला की भाविनी रडू लागली. मग तो वळला आणि पाठमोरा आत गेला.

"राहिला," देवकी म्हणाली. "आता?"

भाविनीनं डोळे पुसले, टब लाटेत कलता केला. तांडेल पाण्याबरोबर गेला. तिनं मलाही सोडायला हात पुढे केला, तर आजोबांनी अडवलं. "हा नको. अजून रंग आहे त्याला."

मित्रांनो, घरी कुणाला आणलंत, तर त्याला काय सोसतं ते आधी विचारा, मग लाड करा. आणि किनाऱ्यावर रिकामा शंख दिसला, तर हातात घ्या, बघा आणि परत तिथंच ठेवा. कुणीतरी उघड्या पोटानं त्याला शोधत असेल.

मी आता खिडकीत असतो. भाविनी शाळेतून आली की मला उचलून आत डोकावते. आत कुणी नसतं, हे तिलाही ठाऊक आहे.