मामाचा ताप

भाचीच्या लग्नाला जायचं नाही, हे उकंडरावांनी लग्नाच्या दिवशी सकाळी आंघोळ झाल्यावर ठरवलं. वसमतहून हट्टा काही लांब नव्हतं. पण मे महिना, एसटीतली रेटारेटी, भर दुपारचा मुहूर्त, तिथं लाइटचा पत्ता नाही. आणि इकडे घरात नुकताच आणलेला कूलर.

"ताप आला म्हणून सांग," ते बायकोला म्हणाले.

सिंधूबाई दारातच थबकल्या. "आवो, पोरीच्या मागं मामाच उभा ऱ्हातो. कमलअक्काला काय सांगू?"

"ताप काय सांगून येतो का?"

त्या एकट्याच गेल्या.

उकंडराव बनियनवर कूलरपुढे पडून राहिले. मुहूर्ताच्या वेळी जरा चुळबुळ झाली, तशी त्यांनी कूस बदलली. उन्हं कलल्यावर बादलीत भिजत घातलेले आंबे काढले आणि चोखत बसले.

तेवढ्यात दारात जीप थांबली. वऱ्हाड कनेरगाव नाक्याला परत निघालं होतं, आणि मामाला बघून जाऊ म्हणून दिपालीनं गाडी इकडं वळवायला लावली होती. कपाळाला मुंडावळ्या, शालू घामानं पाठीला चिकटलेला. मागं नवरा आणि त्याची आत्या, जिवनबाई. उकंडरावांच्या हनुवटीवरून रस ओघळत होता.

दिपाली क्षणभर समोरच्या कोयींकडे बघत राहिली.

"आमाला तर लई ताप हाय म्हणून सांगितलं," जिवनबाई म्हणाल्या.

दिपालीनं पुढं होऊन त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं.

"चटका बसून राहिला," ती आत्याकडे न बघता म्हणाली. "सकाळपासून पोटात काही नसंल, म्हणून आंबा खाल्ला. व्हय ना, मामा?"

उकंडरावांनी मान हलवली. सासरी पाऊल टाकायच्या आधीच पोरीला खोटं बोलावं लागलं, तेही त्यांच्यापायी. दोघं पाया पडली तेव्हा ते चिकट हात डोक्यावर कसे ठेवावेत, हेच त्यांना कळेना.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं ते हट्ट्याला पोचले. बहीण कमलबाई अंगणात पातेली घासत होती.

"अक्का, मला ताप नव्हता."

"ठावं हाय," ती मान वर न करता म्हणाली. "तुझी बायको खोटं बोलताना खाली बघते. तरी म्या भटजीला दोनदा थांबवलं. म्हणलं, येऊन राहिला असंल. मग शेजारच्या वसरामला उभं केलं."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. उकंडरावांनी बाह्या सारल्या, तिच्या शेजारी उकिडवं बसून एक काळं पातेलं ओढलं आणि राखेनं घासायला घेतलं. ऊन चढत गेलं. सावलीत बस, असं कमलबाई काही म्हणाली नाही.